सनबीम सापासाठी नारळाची वीट: झू मेडची 'इको अर्थ' कितपत पुरते?

कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथनसारखा पाळीव साप आणणारा माणूस आधी काचेची टाकी घेतो आणि तळाशी काय पसरायचं ते मग ठरवतो. सनबीम स्नेक आणायचा असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. झेनोपेल्टिस युनिकलर हे त्याचं शास्त्रीय नाव. म्यानमार-थायलंडपासून इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंतच्या ओलसर सखल भागात, भातखाचरांच्या आसपास हा राहतो. दिवसभर मातीत, रात्री बाहेर. पाळल्यावरही तो दिवसाचे बारा-चौदा तास मातीतच काढतो, त्यामुळे माती चुकली की बाकी सगळं सामान महागातलं असूनही साप खंगत जातो. म्हणून हे परीक्षण मातीचं आहे: अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक पेट शॉपमध्ये मिळणारी झू मेड कंपनीची 'इको अर्थ' ही नारळाच्या भुशाची दाबलेली वीट या सापाला चालते का, आणि कशी वापरली तर चालते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं अमेरिका-युरोपात, जिथे हा साप कायद्याने विकत मिळतो, तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. या सापाची नोंद आपल्या अंदमान-निकोबारमध्येही आहे, आणि भारतातला रानटी साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मांडूळही मातीत राहणारा, शांत, हाताळायला सोपा. पण गुप्तधनाच्या खुळापायी त्याची महाराष्ट्रात जी धरपकड चालते ती बघता, 'एखादा पाळून बघू' हा विचारसुद्धा मनात आणू नये.

आता वीट. एक वीट ६५० ग्रॅमची, भिजवल्यावर ७ ते ८ लिटर भुसा होतो. घरी कुंड्या असणाऱ्यांना हे नवं नाही, हे कोकोपीटच. फरक दाण्याचा आणि स्वच्छतेचा. बागकामाच्या स्वस्त कोकोपीटमध्ये दोन भानगडी असतात. नारळाची सोडणं काथ्यासाठी खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवली असतील तर भुशात मीठ उरतं; आणि रोपांसाठी तयार केलेल्या भुशात बऱ्याचदा खतही मिसळलेलं असतं. ज्या सापाचं पोट चोवीस तास ओल्या मातीला टेकलेलं असतं, त्याच्यासाठी दोन्ही नको. बागेचंच कोकोपीट वापरायचं असेल तर पाकिटावर खताचा उल्लेख नाही ना ते वाचा आणि दोनदा भरपूर पाण्यात धुऊन पिळून घ्या. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकलेल्या विटेला हा खटाटोप लागत नाही. जास्तीचे पैसे त्याचेच.

भिजवताना बादली मोठी घ्या, वीट फुगून दुपटी-तिपटीहून वर येते. एका विटेला ३ ते ४ लिटर कोमट पाणी. गार पाण्यात वीट बाहेरून सुटते आणि मध्ये कोरडा गाभा राहतो; मग तो टाकीत गेल्यावर तिथून धूळ उडते. वीस मिनिटांनी हाताने फोडून बघा. पाणी जास्त झालं तर टाकीत वाळेल अशा भरवशावर राहू नका. चक्का बांधतो तसा जुन्या फडक्यात बांधून पिळून काढा. ओल बरोबर आहे का याची एकच परीक्षा: मूठभर भुसा घट्ट दाबायचा. बेसनाच्या लाडवासारखा गोळा बसला पाहिजे, आणि बोटांच्या फटीतून एकही थेंब पडता कामा नये.

इथपर्यंत वीट उत्तम. खरी अडचण पुढे आहे. नुसत्या नारळाच्या भुशात बीळ टिकत नाही. भुसा हलका, तंतुमय, त्यात चिकणमातीचा अंश नाही. साप पुढे सरकला की मागचा बोगदा बसतो. मांडुळाच्या जातीच्या सापांना हे चालतं, ते सैल वाळूत पोहल्यासारखे सरकतात. सनबीमचं डोकं चपटं, पाचरीसारखं असतं. तो वाट पाडतो आणि तीच वाट पुन्हा पुन्हा वापरतो. वाट रोज मोडत राहिली तर तो ठरावीक जागी स्थिरावत नाही, रात्रभर काचेच्या कडेने फिरत राहतो, नाक घासून घेतो आणि खाणं सोडतो. पाळणाऱ्याला वाटतं साप खेळकर झालाय.

त्यामुळे मिश्रण करावंच लागतं. ३ भाग भिजवलेला नारळाचा भुसा, २ भाग खत, कीटकनाशक आणि पर्लाइट (पांढरे हलके खडे) नसलेली साधी टॉपसॉइल, म्हणजे जमिनीच्या वरच्या थराची माती, १ भाग धुतलेली प्ले सँड, म्हणजे मुलांच्या खेळण्याची बारीक वाळू. ९० बाय ४५ सेंटिमीटर तळाच्या टाकीत १५ सेंटिमीटर थर द्यायचा तर सुमारे ६१ लिटर माल लागतो: भुसा ३० लिटर म्हणजे ४ विटा, टॉपसॉइल २० लिटर म्हणजे पाऊण घनफुटाची एक पिशवी, वाळू १० लिटर. मिसळल्यावर वाळू भुशाच्या फटीत बसते आणि थर थोडा खाली जातो, म्हणून पाचवी वीट जवळ असू द्या. हे सगळं ओलं झाल्यावर पन्नास किलोच्या पुढे जातं. टाकी स्टँडवर चढवून, स्टँड भिंतीशी पक्का करून मगच माती भरा. पुढून उघडणारी टाकी घेत असाल तर दाराखालची पट्टी किती उंच आहे ते दुकानातच मोजा. बऱ्याच टाक्यांत १५ सेंटिमीटर माती दाराच्या वर येते आणि दार उघडलं की पायावर.

मिश्रण जमलं का ते साप येण्याआधी तपासता येतं. डब्यात माती दाबून भरायची, लाटण्याच्या जाडीचा दांडा आडवा घुसवून अलगद ओढून घ्यायचा आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी भोक उभं असेल तर माती तयार. बसलं असेल तर टॉपसॉइल वाढवा. वाळू वाढवून बीळ टिकत नाही, उलट लवकर ढासळतं.

पृष्ठभागावर स्फॅग्नम मॉसचा (ओल धरणाऱ्या शेवाळाचा) दोन-तीन बोटं जाड थर आणि एक-दोन सपाट झाडाच्या साली. दिव्याखाली वरचा भुसा दोन-तीन दिवसांत कोरडा पडतो. मॉसने तो वेळ लांबतो. कोरडा भुसा हा इथला दुसरा दोष: धूळ खायला दिलेल्या ओल्या उंदराला चिकटते आणि घासाबरोबर तोंडात जाते. मात्र एक गुण इथे नोंदवायलाच हवा. पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची माती) एकदा पूर्ण वाळलं की पाणी अंगाला लागू देत नाही, नारळाचा भुसा पुन्हा सहज ओल धरतो. विसरभोळ्या माणसाला पीटपेक्षा हा शंभर पटीने बरा.

ओलसर आणि ओलं यातला फरक या सापाच्या जिवावर बेततो. पाणी वरून रोज फवारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा थंड बाजूच्या एका कोपऱ्यात ओता, खाली पसरू द्या. बांबूची सळई तळापर्यंत खोचून बाहेर काढा: चिकटलेली माती दमट हवी, पाणी निथळता कामा नये. मग ती सळई हुंगा. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी हवा खेळत नाही, आणि पुढची पायरी म्हणजे पोटाच्या खवल्यांवर पाणी धरलेले फोड. फोड दिसले तर मलम शोधत बसू नका. साप लगेच स्वच्छ, जेमतेम दमट मॉसच्या डब्यात हलवा आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. रोपांच्या टाकीत करतात तसा भाजक्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर आणि त्यावर जाळी इथे घालू नये. हा साप जाळीची कड शोधून तिच्याखाली जातो आणि अडकतो.

उष्णतेचा प्रश्नही मातीशीच बांधलेला आहे. बहुतेक तयार किटमध्ये टाकीखाली चिकटवायची हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई येते. खोल मातीच्या टाकीत ती वापरू नका. जमिनीखाली जाणारा प्राणी गरम झालं की खाली जातो, आणि इथे खालीच विस्तव ठेवलेला. शिवाय १५ सेंटिमीटर ओली माती उष्णता अडवून धरते, म्हणजे वर थर्मामीटर २६ दाखवतं आणि काचेला टेकलेल्या पोटाखाली ४० असतं. मॅट लावायचीच असेल तर बाजूच्या काचेला बाहेरून लावा; त्याहून चांगलं म्हणजे टाकीच्या छताला बसवायचं, वरून ऊब देणारं रेडिएंट पॅनेल. उबदार बाजूला मातीत ५ सेंटिमीटर खोलीवर २८ ते २९ अंश सेल्सिअस (८२ ते ८४ फॅरनहाइट), थंड बाजूला २४-२५. ३१च्या वर जाऊ देऊ नका. थर्मोस्टॅटचा (हीटर चालू-बंद करणाऱ्या उपकरणाचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मातीत सैल सोडला तर साप तो उकरून वर आणतो, प्रोबला गार हवा लागते, थर्मोस्टॅट समजतो थंडी पडली, आणि हीटर पूर्ण जोरात सुरू राहतो. प्रोब काचेच्या कडेला पक्का बसवा आणि दुसरं, थर्मोस्टॅटशी संबंध नसलेलं थर्मामीटर शेजारी ठेवा.

बाजारात विकले जाणारे बरेचसे सनबीम रानातून पकडून आणलेले असतात. प्रवासात पाण्याविना सुकलेले, पोटात जंत, अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. त्यामुळे पहिले ६० ते ९० दिवस वेगळ्या टबमध्ये, क्वारंटाइनमध्ये. नेहमीच्या सापांना या काळात कागदावर ठेवतात म्हणजे विष्ठा तपासता येते. सनबीमला कागदावर ठेवलं तर लपायला जागा नाही म्हणून तो त्या ताणानेच मरू शकतो. या विटेचं सगळ्यात मोठं काम इथे आहे. झाकणाला कुलूपपट्टी असलेला टब, त्यात नुसता भिजवलेला भुसा ८ ते १० सेंटिमीटर, बुडता येईल एवढं जड पाण्याचं भांडं, आणि दर आठवड्याला सगळा भुसा टाकून नवा. इथे बीळ टिकण्यापेक्षा स्वच्छता महत्त्वाची.  ताजी विष्ठा मिळेल तेव्हा लहान डबीत घालून त्याच दिवशी तपासणीला द्या. जंताचं औषध इंटरनेटवरचं प्रमाण बघून देऊ नका, सुकलेल्या सापाला तेच विष ठरतं.

पहिले दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. खाणं रात्री, दिवे बंद करून: सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा बारीक असा गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, बिळाच्या तोंडाशी फरशीच्या तुकड्यावर ठेवायचा. फरशीमुळे भुसा चिकटत नाही. एक मोठा उंदीर देण्यापेक्षा दोन लहान दिलेले याला मानवतात. सकाळी उरला असेल तर काढून टाका, पुन्हा आठवड्याने.

नव्या भुशावर पहिल्या पंधरवड्यात पांढरी बुरशी धरते आणि चिलटं होतात. घाबरायचं कारण नाही. मूठभर स्प्रिंगटेल (मातीतले बारीक, निरुपद्रवी किडे) सोडले की ते बुरशी फस्त करतात. चिलटं टिकून राहिली तर माती जास्त ओली आहे.

इतर माल थोडक्यात. अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा केनियन सँड बोआसारख्या कोरड्या जागी राहणाऱ्या सापाला चांगला, इथे आठवड्यात बुरसटतो. सायप्रसच्या सालीचे तुकडे ओल धरतात पण त्यात बीळ होत नाही. वाळून कडक होणारी बिळांची चिकणमाती वाळवंटी प्राण्यांसाठी आहे. देवदाराचा भुसा कोणत्याही सापाला नको, त्यातलं तेल फुफ्फुसांना घातक. एक्सो टेरा कंपनीची 'प्लँटेशन सॉइल' म्हणजेही नारळाचाच भुसा. जी स्वस्त मिळेल ती घ्यावी.

नुसती वापरली तर पाचपैकी तीन, क्वारंटाइनसाठी पाचपैकी पाच, वरच्या मिश्रणात साडेचार. तीन विटांचं पाकीट घेतलं तर सुट्या विटेपेक्षा परवडतं, आणि कोरडी वीट वर्षानुवर्षं टिकते.

या सगळ्या खटाटोपाचं फळ कात टाकल्यानंतरच्या रात्री दिसतं. मातीतून वर आलेलं अंग आधी नुसतं काळपट तपकिरी वाटतं. हातातली बॅटरी तिरकी धरली की प्रत्येक खवल्यावरून हिरवा, मग निळा, मग जांभळा पट्टा सरकत जातो, पाण्यावर तेल पसरावं तसा. कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली असेल तर ओल कमी पडली आहे. डोळ्यांवरच्या टोप्या, म्हणजे डोळे झाकणारे पारदर्शक खवले, निघाल्या का ते काढलेल्या कातीतच बघा, सापाला धरून नाही.

माती बदलताना सगळी एकदम फेकू नका. दर चार महिन्यांनी किंवा वास बदलला की बदला, पण उबदार बाजूच्या बिळाजवळची स्वच्छ, विष्ठा नसलेली दोन-तीन लिटर माती वेगळी काढून नव्यात मिसळा. त्यात स्प्रिंगटेलही असतात आणि सापाचा स्वतःचा वासही. तो त्याच कोपऱ्यात पुन्हा बीळ पाडतो, बहुधा पहिल्याच रात्री.