भाषांतराचं अ‍ॅप: 'आपण' म्हणजे कोण, 'परवा' म्हणजे कधी?

फोनमधल्या इंग्रजी-मराठी भाषांतराच्या अ‍ॅपला पाचपैकी तीन तारे. बातमी, औषधाची चिठ्ठी, नोटीस समजून घ्यायला उत्तम. दोन तारे कापले ते बोट दाखवणाऱ्या शब्दांपायी. कोण, कुठे, केव्हा हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं, आणि अ‍ॅपला तो दिसत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा 'वुई'चा. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. अ‍ॅप डोळे मिटून 'आम्ही' टाकतं. 'आम्ही जेवूया का?' असं कुणी बोलत नाही, कारण 'जेवूया', 'जाऊया' ही रूपं 'आपण'शीच जुळतात. पाहुण्याला 'आम्ही उद्या बाहेर जेवू' असा निरोप गेला, तर तो बिचारा घरीच जेवून घेईल! इंग्रजीत 'यू अँड आय' लिहिलं की 'तू आणि मी' येतं. निरोप धाडण्यापूर्वी त्याचं हातानं 'आपण' करा. उलट दिशेला 'आपण' आणखी छळतो. 'आपण कधी येणार?' यातला 'आपण' आदरार्थी 'तुम्ही' असू शकतो, आणि मुंबईच्या नाक्यावर 'आपण नाय जाणार' म्हणजे निव्वळ 'मी'.

'परवा' मागचाही असतो, पुढचाही. 'परवा भेटलो', 'परवा भेटू' इथे क्रियापद वाट दाखवतं, अ‍ॅपलाही जमतं. पण 'परवाचं तिकीट' एवढंच दिलं की नाणेफेक. सरळ तारीख घाला. 'परवाच तर सांगितलं' यात मात्र तारीख शोधू नका. तो परवा आठवडाभर जुनाही असतो. मजकूर हिंदीवरून फिरवून आणू नका: आपले 'काल' आणि 'उद्या' तिथे एकाच 'कल'मध्ये मिसळतात.

'अलीकडे' एकटा आला की काळ, 'पुलाच्या अलीकडे' म्हटलं की जागा. हे बहुधा बरोबर येतं. 'आलोच!' मात्र हमखास फसतं. रूप भूतकाळाचं, माणूस अजून यायचाय. निरोप घेताना म्हटलेल्या 'येतो हं'चंही तेच. अ‍ॅप त्याला यायला लावतं, तो तर चपला घालतोय.

'आमचे हे गावाला गेलेत' हे वाक्य टाकून पाहा. 'हे' म्हणजे नवरा, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.