नवख्याच्या माथी मारला जाणारा व्हेपचा ‘स्टार्टर संच’: फसवणूक कुठे कुठे होते

सिगारेट सोडून व्हेपकडे (निकोटीनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे) वळणारा माणूस विकणाऱ्याच्या दृष्टीने सोपं गिऱ्हाईक असतो. त्याला घाई असते, तलफ आलेली असते आणि ओहम, वॉट, मिलिग्रॅम यांतलं काहीच ठाऊक नसतं. ‘यातलं चांगलं कुठलं?’ एवढं विचारलं की समोरच्याला अंदाज येतो. मग पुढे येतो तो ठरलेला संच: ८० वॉटचा एका सेलचा मॉड (बॅटरी बसवायचं यंत्र), ०.२ ओहम रोधाच्या कॉइलची (द्रव तापवणारी तार आणि कापूस) टाकी, ६० मिलीची गोड वासाची बाटली आणि ‘तुमच्यासाठी’ म्हणून एक जादा सेल फुकट. दिसायला भारी, वाफही भरपूर. पंधरवड्यात गिऱ्हाईक पुन्हा सिगारेटवर येतं आणि आपलं मनोबलच कमी पडलं असं समजून गप्प बसतं. या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो. वास्तविक त्या संचातली जवळपास प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी चुकीची असते आणि एखाद-दुसरी चक्क बनावट.

सुरुवात बाटलीपासून करू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ६० मिलीच्या बाटलीत लिक्विड असतं ५० मिली. वरची १० मिली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. या प्रकाराला शॉर्टफिल म्हणतात. त्या रिकाम्या जागेत १८ मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीची निकोटीनची १० मिलीची कुपी, म्हणजे निक शॉट, ओतून हलवायचं असतं. १० गुणिले १८ म्हणजे १८० मिलिग्रॅम, भागिले ६०, म्हणजे मिलीला ३ मिलिग्रॅम. ही कुपी न देता बाटली विकली की आत निकोटीन शून्य. ‘तीन मिलिग्रॅमचं आहे’ असं तोंडी सांगितलेलं असतं, लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात शून्य छापलेलं असतं. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या शरीराला सिगारेटमागे साधारण एक मिलिग्रॅम निकोटीन मिळण्याची सवय असते. त्याला शून्याच्या वाफेवर बसवलं तर तिसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, झोपेचं खोबरं आणि हातात सिगारेट. व्हेप कुचकामी निघाला असं त्याला वाटतं, पण त्याला निकोटीन मिळालेलंच नसतं.

याच्या बरोबर उलटा प्रकारही चालतो. ‘कडक हवंय ना?’ म्हणत ५० मिलिग्रॅमचं निकोटीन सॉल्ट त्याच मोठ्या टाकीत भरून देतात. सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असल्याने ते घशाला टोचत नाही, त्यामुळे जास्त झालंय हे घसा सांगत नाही. एवढं कडक लिक्विड बारीक ओढीच्या, कमी वॉटच्या पॉडसाठी (लहान, साध्या व्हेपसाठी) बनवलेलं असतं. ०.२ ओहम आणि ६० वॉटवर एका झुरक्यात कितीतरी जास्त द्रव उडतो. मळमळ, घाम, छातीत धडधड, गरगरणं ही निकोटीन जास्त झाल्याची लक्षणं. असं झालं की ओढणं थांबवायचं आणि मोकळ्या हवेत बसायचं. उलट्या किंवा धडधड थांबत नसेल तर डॉक्टर गाठायचा. टक्केवारीचा खेळही लक्षात ठेवा: ‘फक्त पाच टक्के’ ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाच टक्के म्हणजे मिलीला ५० मिलिग्रॅम आणि दोन टक्के म्हणजे २०. युरोपीय संघात विक्रीची कमाल मर्यादाच २० आहे.

सिगारेट ओढणारा आधी धूर तोंडात घेतो, मग आत ओढतो. त्याला जुळणारं साधन म्हणजे लहान पॉड: ०.८ ते १.२ ओहमची कॉइल, १० ते १५ वॉट, हवेची वाट अरुंद, लिक्विड पीजी (पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन) निम्मं-निम्मं, निकोटीन सॉल्ट १० ते २० मिलिग्रॅम. थेट छातीत ओढायची मोठी टाकी मागते ७० टक्के व्हीजीचं दाट लिक्विड आणि ३ ते ६ मिलिग्रॅम निकोटीन. हे दोन वेगळे संसार आहेत. एकाची बाटली दुसऱ्याच्या टाकीत विकणं हीच अर्धी फसवणूक, आणि तिच्यात काहीच बनावट नसतं, त्यामुळे ती सिद्धही करता येत नाही. दाट लिक्विड लहान पॉडच्या कापसात वेळेवर शिरत नाही. कापूस कोरडा राहतो, जळतो, आणि घशाला करपट झटका बसतो. पातळ लिक्विड मोठ्या टाकीत भरलं तर ते हवेच्या भोकांतून गळतं. गळतीची तक्रार घेऊन गेलात की उत्तर तयार असतं: ‘टाकी बदला.’

कॉइलच्या बाबतीत एक हातचलाखी बघण्यासारखी असते. पाकीट फोडून कॉइल बसवतात, लिक्विड भरतात आणि लगेच बटण दाबून वाफ दाखवतात. ‘बघा, चालू!’ कापसाच्या गाभ्यापर्यंत अजून द्रव पोचलेला नसतो. पहिल्या दोन-तीन कशांतच तो आतून करपतो आणि मग काहीही केलं तरी तो वास जात नाही. गिऱ्हाईक चार दिवसांनी नव्या कॉइलसाठी परत येतं, आणि विकणाऱ्याला हवं असतं तेच. नवीन कॉइल नेहमी स्वतः भरायची. बाजूच्या भोकांतून दिसणाऱ्या पांढऱ्या कापसावर थेंब-थेंब लिक्विड सोडायचं, कापूस ओला दिसला की थांबायचं. टाकी भरून दहा मिनिटं तशीच ठेवायची. मग कॉइलवर छापलेल्या वॉटच्या पट्ट्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. नीट भरलेली कॉइल साधारण एक ते दोन आठवडे टिकते. फार गोड लिक्विड असेल तर तारेवर काळी साय धरते आणि ती त्याहून लवकर जाते.

बनावट कॉइल ओळखायची तर ती थंड असताना बसवून मॉडच्या पडद्यावरचा ओहमचा आकडा बघा. छापील आकड्यापासून काही शतांश इकडेतिकडे चालतं. ०.८ ची कॉइल ०.६ दाखवत असेल तर ती परत करा. कापूस एका बाजूला दाबलेला आणि दुसऱ्या बाजूला विरळ दिसणं हीही डुप्लिकेट मालाची खूण.

खोकल्याचंही भांडवल होतं. खोकला आला की ‘फ्लेवर मानवला नाही’ सांगून दुसरी बाटली खपवतात. पहिले काही दिवस पीजीमुळे घसा कोरडा पडून खोकला येतो, पाणी जास्त प्यायलं की बराचसा निवळतो. पण बहुतेक वेळा कारण ओढण्याच्या पद्धतीत असतं. सिगारेटचा झुरका जोरात आणि पटकन मारला जातो. तसाच व्हेपवर मारला तर द्रव कॉइलच्या मधल्या नळीत खेचला जातो, गुडगुड आवाज येतो, तोंडात गरम थेंब उडतात. इथे कश तीन-चार सेकंदांचा, संथ आणि हलका घ्यावा लागतो, आणि दोन कशांत थोडं थांबावं लागतं. नळीत द्रव साचलाच तर टाकी काढून टिश्यूची सुरळी नळीत फिरवायची, कपडा धरून एक-दोनदा झटकायचं. ‘टाकी फुटलीय’ म्हणणाऱ्याला नवीन टाकीचे पैसे द्यायचं कारण नाही.

आता तो फुकटचा सेल. या सगळ्या प्रकरणात जिवावर बेतणारी वस्तू हीच. या सेलचा आकार १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. या आकारात जास्त करंट देणाऱ्या खऱ्या सेलची क्षमता साधारण २५०० ते ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) असते. वर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं की पुढे काही तपासायची गरजच नाही. वजन करून पाहा: खरा सेल ४४ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट कधी कधी तीसेक ग्रॅमच. नखाने आवरण किंचित उचललं तर खाली दुसऱ्याच रंगाचं जुनं आवरण दिसू शकतं. टोकांवर बारीक टाचणीसारखे खड्डे किंवा पत्रा उपटल्याचे ओरखडे असतील तर तो लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढून नवा झगा चढवलेला सेल आहे. ते खड्डे निकेलची पट्टी डागल्याचे असतात, आणि नव्या सुट्या सेलवर ते असायचं कारणच नाही.

वजन, आवरण बरोबर असलं तरी अँपिअरचा आकडा खोटा असू शकतो. ‘४० अँपिअर’ छापलेल्या १८६५० वर विश्वास ठेवू नका. नामांकित कंपन्यांचे या कामाचे सेल सतत वापरासाठी बहुधा २० ते ३० अँपिअरचे असतात. हिशेब सोपा आहे. ६० वॉट भागिले ३.२ व्होल्ट, म्हणजे जवळपास १९ अँपिअर. सर्किटमध्ये वाया जाणारी दहा टक्के धरली की २१ च्या घरात. ८-१० अँपिअरच्या लायकीचा लॅपटॉपचा सेल तिथे बसवला तर तो तापतो, फुगतो, वायू सोडतो, प्रसंगी पेटतो. मेकॅनिकल मॉडमध्ये तर मध्ये सर्किटच नसतं. तिथे भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट भागिले ०.२ ओहम, म्हणजे सरळ २१ अँपिअर, आणि अडवायला कोणी नाही. नवख्याला मेकॅनिकल मॉड विकणारा माणूस दुकानदार म्हणून नालायक समजावा.

सेल हातात आल्यावर मल्टिमीटर लावा. नवा सेल सहसा साडेतीन व्होल्टच्या आसपास येतो. अडीचच्या खाली असेल तर चार्ज करू नका. आवरण फाटलेला सेल वापरू नका, कारण वरचं टोक सोडलं तर अख्खा डबा ऋण टोक असतो आणि वरच्या कडेला दोन्ही टोकांमधलं अंतर अगदी थोडं असतं. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल तर कधीच नाही.

वापरून फेकायच्या व्हेपमध्ये फसवणूक असते ती पफच्या आकड्यात. पफ म्हणजे किती सेकंद, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. २ मिलीचं साधन साधारण ६०० पफचं म्हणून विकलं जातं. त्या प्रमाणात १०,००० पफना तेहतीसेक मिली द्रव लागेल. खोक्यावर मिलीचा आकडा शोधा, पफचा सोडून द्या. किती उरलंय बघायला ते फोडू मात्र नका, आत लिथियमचा सेल असतो.

खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ‘अस्सल’ असं उत्तर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बनावट खोक्यावरचा कोड बनावट संकेतस्थळावरच नेतो, आणि तिथे सगळंच अस्सल असतं. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, खरवडून निघणारा क्रमांक तिथे भरा. तो क्रमांक आधीच तपासला गेलाय असं उत्तर आलं तर तोच क्रमांक अनेक खोक्यांवर छापलेला आहे असं समजा.

‘वनौषधी’, ‘व्हिटॅमिनयुक्त’, ‘गांजाचा अर्क’ अशी व्हेपची बिनलेबलची काडतुसं (आधीच भरलेल्या कुप्या) यांपासून लांबच राहा. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या इजेची जी साथ उसळली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. तिचा मुख्य धागा काळ्या बाजारातल्या टीएचसीच्या (गांजातल्या नशेच्या घटकाच्या) काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत पोचला. पोटात चालणारं तेल फुप्फुसात चालत नाही. व्हेप ‘शंभर टक्के निरुपद्रवी’ हेही तितकंच खोटं. काही जळत नसल्याने सिगारेटच्या धुरापेक्षा विषारी घटक कमी असतात एवढंच खरं. सिगारेट आणि व्हेप दोन्ही चालू ठेवली तर तो फायदाही फारसा उरत नाही.

जिथे विक्रीवरच बंदी आहे (भारतात २०१९ च्या कायद्याने आहे) तिथे येणारा सगळा माल चोरट्या वाटेने येतो. बिल नाही, हमी नाही, तक्रारीला तोंड नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तिथे आणखी एक डाव चालतो: आगाऊ पैसे घ्यायचे, माल पाठवायचाच नाही, आणि आठवड्याने दुसऱ्याच क्रमांकावरून ‘पार्सल अडकलंय, दंड भरा नाहीतर गुन्हा दाखल होईल’ असा फोन करायचा. पहिल्या पैशांमागे दुसरे पैसे पाठवू नका. बँकेला लगेच कळवा, व्यवहाराचा क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. निकोटीनची गरज अशा ठिकाणी पट्टी किंवा च्युइंगमवर भागवता येते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं च्युइंगम, नाहीतर २ चं. औषध विक्रेत्याकडून बिलासकट घेतलेल्या वस्तूवर निदान जाब तरी विचारता येतो.

संच आधीच गळ्यात पडला असेल तर सगळा फेकायची गरज नाही. त्याच टाकीत बसणारी एक ओहमच्या आसपासची अस्सल कॉइल मिळत असेल तर हवेची भोकं जवळपास बंद करून, १२ वॉटवर, तो मॉड सिगारेटच्या ओढीला बऱ्यापैकी जुळवता येतो. निकोटीनचं लिक्विड झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवा, अंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. संशयास्पद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटऱ्यांच्या ई-कचऱ्यात द्या.