अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना : अर्ज करण्याआधी वाचा

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याहून मुंबईत आलेल्या अण्णासाहेबांनी हमाल एकत्र केले आणि 1969चा माथाडी कायदा लढून मिळवला. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही (हमालांच्या सोयींसाठीची जादा रक्कम) माथाडी मंडळात भरायची, हमालाला पैसे मंडळाने द्यायचे. पुढे ते विधान परिषदेवर गेले. मराठा आरक्षणासाठी 22 मार्च 1982ला मोर्चा काढला, मागणी मान्य झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला प्राण दिला. 1998मध्ये त्यांच्या नावाने हे महामंडळ निघालं.

वैयक्तिक व्याज परतावा योजनेत व्यवसायासाठीचं कर्ज बँक देते, महामंडळ फक्त व्याज परत करतं. इथेच बहुतेकांची गफलत होते. मर्यादा 15 लाखांच्या कर्जाची, पण व्याज परतावा जास्तीत जास्त साडेचार लाख, तोही 12 टक्क्यांपर्यंतच्या दराने. 15 लाख पाच वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतले तर व्याजच पाच लाखांच्या घरात जातं, वरचं खिशातून. दहा लाखांचं गणित मात्र छान बसतं, त्याच दराने आणि मुदतीने एकूण व्याज साडेचार लाखांच्या आतच राहतं : हप्ता सुमारे 22,244, पहिल्या हप्त्यातलं व्याज 10,000. आधी पूर्ण हप्ता तुम्ही भरायचा, मग ते दहा हजार खात्यात येतात. म्हणून सुरुवातीचे तीन-चार हप्ते भरण्याइतकी रक्कम हाताशी ठेवाच.

क्रम चुकवू नका. आधी महास्वयम पोर्टलवर अर्ज करून पात्रता प्रमाणपत्र घ्या, मगच बँकेत कर्ज मंजूर करून घ्या. आधार, रहिवासी पुरावा, आठ लाखांच्या आतल्या कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रकल्प अहवाल लागतो. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीपायीही अर्ज परत येऊ शकतो. मंजुरीनंतर बँकेचं पत्र, हप्त्यांचं वेळापत्रक आणि व्यवसायाचा फोटो अपलोड करा. पुढे प्रत्येक हप्त्याचा दावा बँक स्टेटमेंटसह टाकायचा. हप्ता थकला तर त्याच्या व्याजाचा परतावा धरून चालू नका, दंडव्याज तर तुमच्याच माथी.

योजना चांगली आहे, पण ज्याची बँकेत पत आहे अशा माणसालाच ती पावते. तारण नसलेल्या हमालाच्या मुलाला मंजुरीचं पत्र मिळवणं हीच खरी अडचण, आणि ती प्रमाणपत्राने सुटत नाही. त्याने प्रमाणपत्र हातात येताच दोन-तीन बँकांकडे एकदम जावं, छोट्या रकमेचा प्रकल्प मांडावा.