बेअर ॲक्ट घेताना काय बघायचं: एलएल.बी.पासून सनदेच्या परीक्षेपर्यंत

नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात प्रवेश पक्का झाला की आधी गाईडं घेतली जातात, बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा भाष्याशिवायचा मूळ मजकूर, मागे राहतो. क्रम उलटा हवा. कोर्स तीन वर्षांचा असो की बारावीनंतरचा पाच वर्षांचा, शेवटी सनदेच्या, म्हणजे ऑल इंडिया बार परीक्षेच्या हॉलमध्ये नेता येतो तो फक्त बेअर ॲक्ट, तोही टिपांशिवायचा.

सुरुवातीला पाच प्रती पुरतात: संविधान, दिवाणी प्रक्रिया संहिता, भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. बार परीक्षेच्या आजवरच्या गुणविभागणीत १०० पैकी ४६ गुण या पाचांचेच आहेत. उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०.

दुकानात प्रत हातात आली की किंमत बघण्याआधी दोन पानं उघडा. न्याय संहितेचं कलम १०६ काढा. त्यातलं पोटकलम (२), म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाबद्दलचं, १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना वगळलं होतं. चांगल्या आवृत्तीत तशी तळटीप असते. नसेल तर प्रकाशकाने नुसता मजकूर छापलाय, अधिसूचना बघितलेली नाही. दुसरं, दिवाणी संहितेत महाराष्ट्राचं कलम ९-अ शोधा. ते २०१८ मध्ये वगळलं गेलं. ते जसंच्या तसं छापलेलं असेल तर प्रत जुनी. राज्याच्या दुरुस्त्याच नसलेली आवृत्तीही नागपुरात वकिली करायची असेल तर घेऊ नका.

सीताबर्डीवर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण तिथे भारतीय दंड संहितेची प्रत मुख्य पुस्तक म्हणून घेणं चूक ठरेल. ५११ कलमांच्या त्या संहितेच्या जागी आता ३५८ कलमांची न्याय संहिता आहे. खून ३०२ वरून १०३ ला गेला, फसवणूक ४२० वरून ३१८(४) ला, अटकपूर्व जामीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३८ वरून नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ ला. इथे गोंधळ हमखास होतो, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. ते आता ५२८ मध्ये आहेत. तरी जुनी प्रत रद्दीत देऊ नका. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते, आणि जिल्हा न्यायालयात असे खटले अजून बरीच वर्षं चालतील.

गाईडपेक्षा बेअर ॲक्ट कुठे सरस ठरतो हे परंतुकात, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेल्या अपवादात, कळतं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीस आली तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढी माहिती सिद्ध करता येते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे स्वतंत्र कलम २७ होतं, आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक आहे. फक्त मुख्य कलमाचा सारांश वाचणाऱ्याच्या हातून नेमका हाच भाग निसटतो. कलम, मग परंतुक, मग स्पष्टीकरण, मग उदाहरणं, असं वाचत गेलात तर गाईडची गरज निम्म्यावर येते.

मराठी-इंग्रजी आवृत्ती नागपूरकरांसाठी खरोखर कामाची आहे. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात इंग्रजी. सिव्हिल लाइन्समध्ये एकाच दिवशी दोन्ही लागतात. बार परीक्षाही मराठीत देता येते. मात्र शब्दांच्या अर्थावर वाद असेल तिथे इंग्रजी पाठ बघूनच मत बनवा.

दिवाणी संहितेची प्रत सगळ्यांत नीट निवडा. १५८ कलमांनंतर पहिल्या अनुसूचीत ५१ आदेश आहेत, आणि रोजचं काम तिथेच चालतं: वादपत्र नामंजूर करण्यासाठी आदेश ७ नियम ११, तात्पुरत्या मनाईसाठी आदेश ३९. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आदेश आणि नियमाचा क्रमांक छापलेला हवा, नाहीतर शोधण्यातच वेळ जातो. शेवटी जोडलेल्या परिशिष्टांपैकी अ मध्ये वादपत्रांचे नमुने आहेत. ड्राफ्टिंगच्या पेपरला वादपत्रं वगैरेंचे १५ आणि दस्तऐवजांचे १५ मसुदे लिहावे लागतात. मित्राची जर्नल उतरवण्यापेक्षा हे नमुने समोर ठेवून लिहिलेला मसुदा तोंडी परीक्षेत समजावून सांगता येतो.

प्रत्येक कायद्याच्या दोन प्रती घ्या. एक समासात लिहायला, दुसरी कोरी, परीक्षेसाठी. हाताने लिहिलेल्या टिपा असलेली प्रत हॉलच्या दारात अडकू शकते. बार परीक्षेत १०० प्रश्नांना साडेतीन तास मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांच्या आसपास. अनुक्रमणिका सरावाची नसेल तर एवढ्यात कलम सापडत नाही. म्हणून कोऱ्या प्रतीवरही महिनाभर आधीपासून कलमं शोधण्याचा सराव करा.

पैसे अगदीच कमी असतील तर केंद्रीय कायद्यांचा मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. वाचायला, ताजी दुरुस्ती तपासायला उत्तम. परीक्षेत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा छापील प्रत लागेलच. घेताना नागरिक सुरक्षा संहितेची पहिली अनुसूची उघडून बघा. गुन्हा दखलपात्र की नाही, जामीनपात्र की नाही, कोणत्या न्यायालयात चालेल, हे सगळं त्या तक्त्यात आहे, आणि खिशात मावणाऱ्या आवृत्त्यांमध्ये तो इतका बारीक छापतात की रकाने एकमेकांत मिसळतात. या एका कायद्यासाठी मोठ्या आकाराचीच प्रत घ्या.