व्हिडिओतला कोड उतरवायचा कसा: सबटायटलवरून की पडद्यावरून?

तासाभराच्या व्हिडिओतून हव्या असतात दहा-पंधरा कमांड आणि एखाददुसरी फाइल, पण त्यासाठी व्हिडिओ किती वेळा थांबवावा लागतो ते शिकणाऱ्यालाच ठाऊक. हे काम सोपं करायचे मार्ग बरेच आहेत. त्यातला कुठला निवडायचा हे मी एका गोष्टीवरून ठरवतो: शिकवणारा डॉट, स्लॅश, हायफन अशी चिन्हं तोंडाने म्हणतो का?

सगळ्यात सोपं म्हणजे तयार सबटायटल. युट्यूबवर ट्रान्सक्रिप्ट उघडून कॉपी करा, किंवा वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवायच्या प्रोग्रॅमने व्हिडिओ न उतरवता नुसती सबटायटल घ्या. आपोआप बनलेल्या फाइलमध्ये एकच ओळ दोन-तीनदा येते, ती आधी गाळून घ्यावी लागते. जेएसओएन या डेटा लिहायच्या पद्धतीच्या जागी जेसन नावाचा माणूस येतो, एन्जिनेक्स या वेब सर्व्हरचं ‘इंजिन एक्स’ होतं. या चुका डोळ्याला लगेच खुपतात, म्हणून त्यांची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती गळून गेलेल्या चिन्हांची. एका व्हिडिओत जुनं बिल्ड फोल्डर, म्हणजे कोडपासून तयार झालेल्या फाइलींचं फोल्डर, उडवायची कमांड होती. सबटायटलमध्ये ‘आरएम आरएफ स्लॅश बिल्ड’ असं आलं. ‘आरएफ’च्या आधीचा हायफन मला ठाऊक होता, तो घालून बाकी मी तसंच टाइप केलं. मूळ कमांडमध्ये स्लॅशच्या आधी डॉट होता. डॉट नसल्याने कमांड डिस्कच्या मुळाशी बिल्ड शोधायला गेली. तिथे ते नव्हतंच, आणि ‘एफ’ लावल्यामुळे ‘सापडलं नाही’ हेसुद्धा तिने सांगितलं नाही. जुनं बिल्ड जागच्या जागी राहिलं आणि माझी अख्खी संध्याकाळ कोडमधली चूक शोधण्यात गेली. त्या नावाचं फोल्डर मुळाशी खरंच असतं तर ते विचारल्याशिवाय पुसलं गेलं असतं.

सबटायटल नसतील किंवा फारच वाईट असतील, तर बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं व्हिस्पर. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं हे मॉडेल ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं आहे. त्याला सुरुवातीलाच ‘क्यूबसीटीएल, एन्जिनेक्स, पोस्टग्रेस’ अशी शब्दांची यादी देता येते, आणि नावांचं स्पेलिंग बरंच सुधारतं. मात्र माणूस गप्प बसून टाइप करत असला की त्या शांततेत व्हिस्पर कधीकधी न बोललेली वाक्यं लिहितं, आणि प्रोग्रॅमिंगच्या व्हिडिओत अशी शांतता भरपूर असते. मराठी-हिंदी मिसळलेल्या व्हिडिओत कमांडही अनेकदा देवनागरीत उमटतात. त्या पुन्हा रोमनमध्ये करत बसण्यापेक्षा पडदा बघितलेला बरा.

पडद्यावरून उचलायचं तर एफएफएमपेग या प्रोग्रॅमने व्हिडिओतली फ्रेम काढायची आणि चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला वाचायला द्यायची. फ्रेम १०८० पिक्सेलच्या व्हिडिओतली घ्या. काळ्या पार्श्वभूमीचे रंग उलटवा, चित्र दुप्पट मोठं करा. निकालात चांगलाच फरक पडतो. तरी शून्य आणि ओ, एक आणि स्मॉल एल यांची अदलाबदल होतेच, अंडरस्कोर हरवतो. पायथनवाल्यांना खरा फटका बसतो तो ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस जातात तेव्हा. यावर एक उपाय चांगला चालतो: टेसरॅक्टकडून टीएसव्ही, म्हणजे तक्त्याच्या रूपातली फाइल, मागा. त्यात प्रत्येक शब्द डावीकडून किती पिक्सेलवर आहे ते मिळतं, त्यावरून इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, पुन्हा बसवता येतं.

ट्रान्सक्रिप्ट एआयला देऊन ‘कोड काढून दे’ म्हणणं मोहाचं आहे. निकाल देखणा असतो, पण गळलेल्या जागा तो सवयीने भरतो आणि कुठे भरल्या हे सहसा सांगत नाही. व्हिडिओ जुन्या आवृत्तीचा असला तर नवीच पद्धत घुसते. मी त्याच्याकडून फक्त यादी मागतो: कुठल्या मिनिटाला कमांड आली आणि कुठे शंका आहे. बाकी मी बघतो.

या सगळ्याच्या आधी व्हिडिओच्या वर्णनात गिटहबची, म्हणजे शिकवणाऱ्याने कोड जिथे ठेवलाय त्या जागेची, लिंक आहे का ते पाहा. लांब फाइलसाठी तिच्या तोडीचं काही नाही. मात्र तिथला रेपो (कोडचा साठा) व्हिडिओच्या पुढे गेलेला असू शकतो, म्हणून व्हिडिओच्या तारखेच्या आसपासचा कमिट, म्हणजे तेव्हा जतन केलेली स्थिती, काढा. इन्स्टॉलच्या आणि डेटाबेसच्या कमांड तिथे बहुतेक वेळा नसतातच.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची गोष्ट वेगळी. तिथे स्क्रिप्ट माणसाने लिहिलेली, वेळेसकट, बऱ्याच विषयांची मराठीतही असते. आणि निवेदक ‘स्पेस’, ‘हायफन’ उच्चारून सांगतात. लिनक्स तिथून शिकत असाल तर स्क्रिप्ट उघडा आणि कामाला लागा, बाकी काही लागत नाही.

इतर व्हिडिओंसाठी माझी निवड ठरलेली आहे. कमांड हव्या असतील तर सबटायटलवरून मिनिट-सेकंद शोधायचा आणि अक्षरं त्या फ्रेमवरून घ्यायची. अख्खी फाइल हवी तर रेपो, तो नसेल तर टेसरॅक्ट. आणि पुसणारी, बदलणारी कोणतीही कमांड आधी रिकाम्या फोल्डरमध्ये चालवून बघायची. पत्ता नुसत्या स्लॅशने सुरू होत असेल तर मात्र रिकामं फोल्डरही वाचवत नाही, तिथे डॉट आधी फ्रेमवरून तपासायचा.