युरिन बॅगची तोटी, सिलिकॉन कॅथेटर आणि ब्लॅडर वॉश : काही महिन्यांच्या वापरानंतर

पुन्हा तोटी गळाली, म्हणून लिहायला बसलो. दोन लिटरची साधी युरिन बॅग, खालून ओढून उघडायची आणि वर ढकलून बंद करायची तोटी असलेली. बॅगेबद्दल बाकी काही तक्रार नाही. लघवी उलटी वर जाऊ नये म्हणून आत झडप आहे, आकडे ठळक आहेत, पलंगाला अडकवायचा हूक मजबूत आहे. पण ती तोटी! दोन-चार दिवस वापरली की सैल पडते आणि बंद केली तरी टोकाला थेंब लोंबत राहतो. दुकानदार म्हणतो, फोडलेलं पाकीट परत घेत नाही. नियम समजतो, पण हा दोष पाकीट फोडल्याशिवाय दिसणार कसा?

एवढ्याशा तोटीवर इतका राग का, तर बाबांना प्रोस्टेटमुळे कायमचा कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घातलेली लघवीची नळी, आहे आणि ऑपरेशन त्यांना झेपणार नाही. कॅथेटरपासून बॅगेपर्यंतचा मार्ग जितका कमी उघडाल तितकं इन्फेक्शन लांब, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तोटी मात्र रोज उघडावीच लागते. ही तोटी ओढायची तर बोटं नेमकी लघवी येते तिथेच लागतात. मी आधी आणि नंतर हात धुतो, ग्लोव्ह्ज घालतो, वेगळं भांडं ठेवतो, टोक भांड्याला लागू देत नाही, शेवटी टोक पुसतो. तरी थेंब येतोच. आणि गळते म्हणून बॅग बदलायची, तर कॅथेटरचा जोड उघडावा लागतो, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच करावं लागतं. कंपनीने प्लास्टिक वाचवलं ते अगदी चुकीच्या ठिकाणी.

कॅथेटरबद्दल माझं मत मात्र पार बदललं. आधी लॅटेक्सचा, म्हणजे रबराचा होता. सिलिकॉनची किंमत ऐकून नको वाटलं होतं. पण लॅटेक्सचा महिनाभरही धड टिकेना. काढलेल्या कॅथेटरच्या टोकाला पांढरट, रव्यासारखा खरखरीत थर दिसायचा. प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि फॉस्फेटचे क्षार नळीत बसतात. सिलिकॉनच्या भिंती पातळ असल्यामुळे बाहेरून तेवढ्याच १६ नंबरच्या नळीत आतली जागा जास्त मिळते. क्षार त्यातही बसतात, पण तुंबायला वेळ लागतो. हे कॅथेटर साधारण १२ आठवड्यांपर्यंत ठेवतात, बाबांचा त्याआधीच बदलावा लागतो. तरीही सगळा हिशेब मांडला तर आम्हाला सिलिकॉनच स्वस्त पडला, आणि बाबांचे हाल कमी झाले ते वेगळंच.

आता ब्लॅडर वॉश, म्हणजे कॅथेटरमधून सलाइन सोडून मूत्राशय धुणं. ओळखीतले काही जण सांगत होते, रोज सलाइनने धुवा, तुंबणारच नाही. सिस्टरनी साफ नाही म्हटलं, आणि आता मीही तेच सांगतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही तुंबण्याची शक्यता नसेल तर वॉश करू नये असंच आहे. प्रत्येक वॉशला जोड उघडतो. शिवाय सलाइनने गाठी, चिकट स्राव, गाळ निघतो, पण बसलेले क्षार विरघळत नाहीत. तिथे कॅथेटर बदलणं हाच उपाय.

बॅग रिकामी आणि ओटीपोट टणक दिसलं की आधी नळी बघा. ती मांडीखाली दबलेली असते, पिळलेली असते, बॅग मूत्राशयाच्या पातळीच्या वर गेलेली असते. बद्धकोष्ठानेही प्रवाह अडतो. हे सगळं ठीक असेल तरच वॉशचा विचार, आणि तोही डॉक्टरांनी सांगितलं असेल व सिस्टरकडून समोर बसून शिकला असाल तरच. निर्जंतुक ग्लोव्ह्ज, ५० मिलीची रुंद तोंडाची सिरिंज, जोड स्पिरिटने पुसलेला, सलाइन खोलीच्या तापमानाचं. हळूहळू सोडायचं. अडथळा लागला की थांबायचं, जोर लावायचा नाही. जोरात मागे ओढायचंही नाही, कारण मूत्राशयाचं अस्तर कॅथेटरच्या छिद्रांत ओढलं जातं. आपोआप खाली वाहू द्यायचं आणि घातलं तेवढं परत आलं का ते मोजायचं. आलं नाही तर दुसरी सिरिंज भरू नका, दवाखाना गाठा.

सलाइन कधीही रंगीत झडपेच्या फाट्यात घालू नका. ती कॅथेटर आत अडकवून ठेवणाऱ्या फुग्याची वाट आहे आणि त्या फुग्यात निर्जंतुक पाणी असतं. सलाइनची बाटली १०० मिलीची घ्या. मोठी बाटली मिलीच्या हिशेबात स्वस्त वाटते, पण उघडल्यावर उरलेलं टाकूनच द्यायचं असतं, मग बचत कसली?

थंडी वाजून ताप, रक्ताच्या गाठी, पाणी पिऊनही काही तास बॅग कोरडी, यांपैकी काहीही झालं तर घरी प्रयोग नकोत. रोजची स्वच्छता मात्र सोपी आहे : साबण आणि पाणी, नळीवरून पुसायचं ते शरीरापासून बाहेरच्या दिशेने. अँटिसेप्टिकची गरज नाही. नळी मांडीला पट्टीने बांधा, थोडी ढील ठेवून. ओढ बसली की बाबा कळवळायचे आणि नळीच्या बाजूने लघवी झिरपायची. पट्टी लावल्यापासून ते बरंच थांबलं.

सध्या खटक्याने आडवी फिरणारी तोटी असलेली बॅग वापरतोय. एका बोटाने उघडते, बोट ओलं होत नाही आणि थेंब लोंबत नाही. किंमत थोडी जास्त, पण मी एक पैशाचीही कुरकुर करणार नाही. जुन्या बॅगच्या कंपनीला बॅच नंबरसह लिहिलं, तर उत्तर आलं की तोटी नीट बंद केली नसेल. आता बंद तोटीतून पडणाऱ्या थेंबाचा व्हिडिओ पाठवलाय आणि गळणाऱ्या बॅगा धुऊन, वाळवून बाजूला ठेवल्यात. त्यांचा माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोर पाणी भरून दाखवणार आहे.