अदलाबदलीच्या गोल सुयांचा संच: हातातल्या आणि पुढच्या विणकामांच्या कसोटीवर

ज्यांच्या हातात एकाच वेळी शाल, स्वेटर आणि आणखी एखादे काम असते, त्यांनी अदलाबदलीच्या गोल सुयांचा, म्हणजे विणायची दोन टोके आणि त्यांना जोडणारी लवचिक दोरी (केबल) सुटी करून बदलता येतात अशा सुयांचा, संच जरूर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो घेताना टोकांच्या रंगापेक्षा आणि डबीच्या देखणेपणापेक्षा टोक आणि केबल जिथे एकमेकांना मिळतात त्या जोडाकडे आधी पाहावे. या प्रकारचे संच अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांची मूळ रचना बरीचशी सारखी असते, म्हणून येथे कंपनीच्या नावापेक्षा रचनेचेच परीक्षण केले आहे, आणि तेही सध्या सुरू असलेल्या व लवकरच सुरू होणाऱ्या विणकामांच्या आधाराने, कारण सुयांचा खरा कस रिकाम्या सुया हाताळून नव्हे तर त्यांवर टाके चढल्यानंतरच लागतो.

माझ्याकडच्या संचात बर्च लाकडाचे पातळ थर दाबून घडवलेल्या टोकांच्या 8 जोड्या आहेत. त्यांची जाडी 3.5 मिलिमीटरपासून 6 पर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाते आणि त्यानंतर 7 व 8 ही मापे येतात. सोबत निरनिराळ्या लांबीच्या केबल, केबलच्या टोकांना लावायची झाकणे आणि जोड घट्ट करण्याची बारीक किल्ली मिळते. नव्याने घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पाकिटावर 80 सेंटिमीटर लिहिले असेल, तर ती बहुधा दोन्ही टोके जोडल्यानंतरची एकूण लांबी असते, नुसती केबल त्यापेक्षा बरीच आखूड असते.

सध्याच्या कामांपैकी त्रिकोणी शालीसाठी हा संच फार उपयोगी ठरला आहे. मानेपाशी मोजक्या टाक्यांनी सुरू होणाऱ्या या शालीत दर दोन ओळींनी 4 टाके वाढतात, त्यामुळे सुरुवातीला 60 सेंटिमीटरची सुई पुरते, पण टाके 300 च्या आसपास पोहोचले की ते केबलवर इतके दाटतात की वीण कशी दिसते आहे हेच कळत नाही. अशा वेळी उजव्या हातातले टोक लांब केबलला लावून पुढची ओळ विणली की सगळे टाके आपोआप नव्या केबलवर येतात आणि जुनी केबल मोकळी होते. जोडात किल्लीसाठी असलेल्या छिद्राचा आणखी एक उपयोग आहे आणि जाळीची वीण करणाऱ्यांना तो विशेष आवडेल. त्या छिद्रातून गुळगुळीत सुती दोरा ओवून ओळ विणली, की दोरा त्या ओळीच्या सर्व टाक्यांतून जातो आणि पुढे नमुना चुकला तर तेथपर्यंत निर्धास्तपणे उसवता येते. फक्त त्या ओळीपुरत्या खुणेच्या बंद कड्या काढून ठेवाव्यात, नाहीतर दोरा त्यांतूनही ओवला जातो आणि कड्या तिथेच अडकतात.

समोरून उघडणारे, गळ्याकडून खाली विणत जायचे स्वेटर हे हातातले दुसरे काम आहे, आणि संचाचे गुण व उणिवा दोन्ही मला याच कामात सर्वाधिक दिसल्या. बाह्यांचे टाके बाजूला ठेवायची वेळ आली की जाड दोऱ्यात ते ओवत बसण्याऐवजी केबलवरच राहू द्यायचे, टोके काढून दोन्ही बाजूंना झाकणे लावायची आणि ती टोके अंगाच्या भागासाठी वापरायची, ही सोय इतकी सहज आहे की तिच्यासाठी एक-दोन जास्तीच्या केबल घेणे मला योग्य वाटते. स्वेटर अंगावर चढवून लांबी पाहायची असेल तेव्हाही टोके काढून, मध्ये आणखी एक केबल जोडून, टाके मोकळे पसरवता येतात. खालच्या बॉर्डरसाठी बारीक टोके लावायची आणि शेवटी टाके बंद करताना केवळ उजव्या हाताचे टोक एक माप मोठे घ्यायचे, म्हणजे काठ आवळला जात नाही.

मात्र समोरून उघडणारे स्वेटर सपाट, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असे विणावे लागते, आणि पुष्कळ विणणाऱ्यांच्या हाती उलट ओळ किंचित सैल पडते. विणीच्या मागच्या बाजूला मग ओळींच्या जोड्या-जोड्या पडल्यासारखे दिसते. टाक्याचा आकार नवा टाका घेणाऱ्या, म्हणजे उजव्या हातातल्या सुईवर ठरतो, आणि सपाट विणताना सर्व सुलट ओळी गोल सुईच्या एका टोकाने व सर्व उलट ओळी दुसऱ्या टोकाने विणल्या जातात. म्हणून एका बाजूला 4 मिलिमीटरचे आणि दुसऱ्या बाजूला त्याहून जरा बारीक टोक लावले की हा दोष बराच कमी होतो. एकसंध गोल सुईत हे करताच येत नाही, आणि निव्वळ या एका कारणासाठीही हा संच माझ्या मते घेण्याजोगा आहे. परंतु यासाठी 3.75 चे टोक लागते आणि अर्ध्या मिलिमीटरने वाढणाऱ्या संचात ते नसते, 3.5 चे टोक लावले तर अनेकदा उलट ओळ गरजेपेक्षा घट्ट होते. मधली मापे वेगळी घ्यावी लागतात, याची नोंद संच निवडतानाच करावी, आणि ती त्याच बनावटीची घ्यावीत, कारण एका कंपनीचे आटे दुसऱ्या कंपनीच्या केबलवर बसतीलच असे नाही.

आता जोडाविषयी. हा या संचाचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि मला तक्रार करायची आहे ती येथेच. विणताना प्रत्येक टाक्यागणिक हाताची थोडी पिळवट सुईला मिळते, तिने आटे हळूहळू सैल होतात आणि जोडात केसाएवढी फट पडते. त्या फटीत लोकरीचे तंतू अडकतात, टाके पुढे सरकत नाहीत, आणि कधी विणकाम चालू असतानाच टोक निखळून टाके सुटतात. माझ्या एका केबलच्या बाबतीत किल्लीने घट्ट करूनही हे पुन्हा पुन्हा होते, म्हणजे आटेच झिजले असावेत किंवा मुळात नीट कापलेले नसावेत. चांगल्या संचात असे व्हायला नको. घट्ट करताना किल्ली छिद्रात घालून स्थिर धरावी आणि टोक त्याच्या बुडाशी असलेल्या धातूच्या भागावर पकडून फिरवावे. लाकूड पकडून फिरवले तर लाकूड आणि धातू यांच्यातला डिंकाचा सांधाच तुटू शकतो. ज्या केबलचा दोरा जोडात स्वतःभोवती फिरतो तिच्यावर पिळवट कमी साठते, त्यामुळे जिथे निवड करता येते तिथे तीच घ्यावी. केबल गुंडाळलेल्या आकारातच अडून बसली असेल, तर ती काही वेळ गरम पाण्यात ठेवून सरळ करता येते.

लाकडी टोके हातात उबदार लागतात आणि प्रक्रिया केलेल्या गुळगुळीत मेरिनो लोकरीवर आवश्यक तेवढी पकड ठेवतात. खरखरीत लोकर वेगाने विणायची असेल तर धातूची टोके सरस आहेत.

मोज्यांसाठी मात्र हा संच निरुपयोगी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. मोज्यांची लोकर साधारण 2.25 ते 2.5 मिलिमीटरच्या सुयांवर विणली जाते, संच 3.5 पासून सुरू होतो, आणि इतकी बारीक लाकडी टोके असती तरी ती मोडण्याचीच धास्ती राहिली असती. त्या कामासाठी 80 सेंटिमीटरची धातूची एकसंध गोल सुई किंवा दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया हेच योग्य साधन आहे. कानटोपीला लागणारी 40 सेंटिमीटरची गोल सुईही नेहमीच्या लांबीच्या टोकांनी तयार होत नाही, त्यासाठी आखूड टोके वेगळी घ्यावी लागतात.

पुढच्या कामांचा विचार करता माझी या संचावरची भिस्त वाढणारच आहे. पहिले काम गळ्याभोवती दोन रंगांचा नमुना असलेल्या स्वेटरचे आहे. दोन रंगांनी विणताना न वापरलेला दोरा मागून ओढला जातो आणि वीण आवळते, म्हणून नमुन्याच्या फेऱ्यांपुरती एका मापाने मोठी टोके लावून साध्या फेऱ्यांना परत मूळ मापावर येण्याचा माझा बेत आहे. टाके जागचे न हलवता हे करता येईल. दुसरे काम दोन रंगांच्या ब्रिओश विणीचा, म्हणजे फुगीर, जाडसर पट्ट्यांच्या विणीचा मफलर आहे. त्यात एका रंगाची ओळ संपल्यावर न वळता टाके केबलवरून पुन्हा दुसऱ्या टोकाला सरकवावे लागतात आणि तीच बाजू दुसऱ्या रंगाने विणावी लागते, त्यामुळे जोड गुळगुळीत नसेल तर हे सरकवणे ओळीओळीला त्रासाचे ठरेल. त्यासाठी मी सैल होणारी ती केबल बाद करून नवी घेणार आहे. तिसरे काम बाळाच्या पांघरुणाचे आहे. ते सरळ सुयांवर विणले तर सगळा भार सुयांच्या टोकांवर लोंबकळून मनगटांवर येतो, तर 120 सेंटिमीटरच्या गोल सुईवर विणकाम मांडीवर विसावते.

संच घेताना दुकानातच एक टोक केबलला लावून जोडावरून नख फिरवून पाहावे. नख अडले तर लोकरही अडेल, आणि तो संच घेऊ नये. सुट्या केबल, सुटी टोके आणि नव्या किल्ल्या त्याच कंपनीकडून वेगळ्या मिळतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण टोके वर्षानुवर्षे टिकली तरी आधी झिजते ती केबल, आणि आधी हरवते ती किल्ली.